हप्ता आणि हंगाम

दिवाळीत महागावला गेलो की गावभरचे मोबाईल आणि प्रिंटर दुरुस्त करणं हे माझं ठरलेलं काम. इंजिनिअर आहे ना! या वेळी मात्र ओळखीच्या एका काकांनी "जरा एक्सेल पाहून दे" म्हणून बोलावलं आणि सुट्टीचे तीन दिवस त्यातच गेले.

काकांचा गाड्या विकायचा धंदा. सोबत घरचीच छोटी फायनान्स कंपनी, रिझर्व्ह बँकेत रीतसर नोंदलेली. बाहेर गाडी पसंत करायची, आतल्या केबिनमध्ये कर्जाच्या कागदांवर सह्या करायच्या. आता काकांचं वय झालंय, मुलगा पुण्यात रमलाय. म्हणून सगळी कर्जं एका मोठ्या फायनान्स कंपनीला विकायचं ठरलं.

कर्ज विकायचं म्हणजे काय? तर पुढच्या तीन-चार वर्षांत येणारे हप्ते वसूल करायचा हक्क आज एकरकमी पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचा. हे नवीन नाही. सिटीबँकेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपल्याकडे वाहनकर्जांचा गठ्ठा करून विकला होता. पुढे २०२१ साली रिझर्व्ह बँकेने कर्ज-हस्तांतरणाचे सविस्तर नियम आणले. दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं कर्ज किमान सहा महिने स्वतःकडे ठेवल्याशिवाय विकायचं नाही, ही त्यातली एक अट. बरोबरच आहे. उद्या दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं असेल, तर आज कर्ज देताना विचार कोण करेल?

तर माझं काम होतं प्रत्येक कर्जाची एक ओळ तयार करायचं. मूळ रक्कम, व्याज, शिल्लक, आरसीवर बोजाची नोंद आहे का, विमा चालू आहे का, पावत्या खातेवहीशी जुळतात का. एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. चेसिस नंबरात इंग्रजी 'ओ' वापरतच नाहीत, तरी शून्याच्या जागी सर्रास 'ओ'. हे सगळं कंटाळवाणं, पण सोपं.

अडलं ते एका रकान्यावर: हप्ता किती दिवस थकलाय?

१७ कर्जांपुढे शंभराच्या वरचे आकडे आले. घेणारी कंपनी ९० दिवसांच्या वर थकलेलं कर्ज हातात धरणार नव्हती. काकांना दाखवलं तर ते हसायला लागले. "अरे बाप्पा, तो काई पयते का कुठं? कापूस इकला का आणून देते." आणि पावत्या पाहिल्या तर खरंच तसं होतं. करारात हप्ता महिन्याचा; पण माणूस वर्षातून दोनदा येतो, साचलेलं सगळं भरून जातो. काकांनी तोंडी 'चालेल' म्हटलं होतं, तेही प्रत्येकाला. मग म्हणाले, "तारखा जराशा पुढंमागं कर ना, तुले तर येते सगळं."

येतं हो. एक फॉर्म्युला खाली ओढला की काम झालं असतं. पण ती सरळसरळ खोटी नोंद झाली असती, आणि तिचा फटका त्याच शेतकऱ्याला बसला असता. नवीन मालकाला हा माणूस दर महिन्याला भरणारा वाटणार. मग जूनमध्ये, बी-बियाण्याच्या खर्चाच्या ऐन दिवसांत, दारात वसुलीवाला उभा. त्याला काकांचा शब्द कुठून माहीत असणार?

माझं म्हणणं असं, की चूक त्या १७ जणांची नाही आणि एक्सेलचीही नाही. चूक आहे ती शब्द कागदावर न आणण्याची. पीककर्ज बुडीत धरताना बँकांचे नियम हंगाम मोजतात. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते नेहमीच देतात. मग त्याच माणसाच्या जीपला महिन्याचा हप्ता कशाला? केवळ छापील फॉर्ममध्ये तसा आहे म्हणून? पहिल्याच दिवशी 'जानेवारी आणि मे' असं लिहिलं असतं, तर माझ्या शीटमध्ये हे लोक सगळ्यात चोख ठरले असते. आपल्याकडे ओळखीत लिहून घेणं म्हणजे अविश्वास वाटतो. पण ओळख असलेला माणूस कायम गल्ल्यावर बसणार नसतो.

काकांना हे सांगितलं. आधी चिडले, चहासुद्धा विचारला नाही :) दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला. ती १७ कर्जं विक्रीतून बाहेर काढली, ती काका स्वतःच वसूल करणार. त्यामुळे हातात येणारे पैसे बरेच कमी झाले आणि मुलाकडे पुण्याला जाणंही लांबलं. बाकीच्यांना 'तुमचं कर्ज अमुक कंपनीकडे जातंय, हप्ता आणि अटी त्याच राहतील' असं मराठीत पत्र लिहून दिलं. तो मसुदा मीच केला. इतकं साधं मराठी लिहायला मला कोडपेक्षा जास्त वेळ लागला.

असो. सोमवारी पुन्हा ऑफिस. तिथेही कोणीतरी कोणाला तोंडी 'चालेल' म्हणालेलं असेलच.