तटाबाहेरचे जयपूर

जयपूरचे नाव निघाले की हवामहाल, जंतरमंतर आणि गुलाबी बाजारपेठा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सवाई जयसिंग दुसरे यांनी १७२७ साली वसवलेल्या या तटबंदीच्या नगराला २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. तो मान रास्तच आहे. परंतु जयपूरचा इतिहास चांदपोल दरवाजापाशी संपत नाही. या पश्चिम वेशीबाहेर थोड्याच अंतरावर बनी पार्क ही वसाहत आहे. तिचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो.

'बनी' म्हणजे लहानसे बन, राई. एकेकाळी येथे झाडी होती, याची साक्ष हे नावच देते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जयपूरला रेल्वे आली. स्टेशन तटाच्या पश्चिमेस झाल्याने शहराचा ओढा या दिशेला वळला. पुढे मिर्झा इस्माईल १९४२ ते १९४६ या काळात संस्थानाचे दिवाण होते. त्यांनी तटाबाहेरील वाढीला आखीव रूप दिले. रुंद रस्ते, अंगणाचे बंगले, सावलीचे व्हरांडे ही या परिसराची ओळख बनली.

या परिसराची नावे नीट वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. येथील कांतिचंद्र मार्गाला कांतिचंद्र मुखर्जी या बंगाली दिवाणांचे नाव आहे. जवळचे सिंधी कॅम्प हे बसस्थानक १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची आठवण सांगते. मिर्झा इस्माईल म्हैसूरहून आले होते आणि मूळ नगराचे आराखडाकार विद्याधर भट्टाचार्यही बंगालीच होते. जयपूर घडवण्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा किती मोठा आहे, हे रस्त्यांवरच्या पाट्यांतूनही शिकता येते.

हा इतिहास आज झपाट्याने पुसला जात आहे. जुने बंगले पडतात आणि त्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहतात. कायद्याचा आधारही तोकडा आहे. केंद्र सरकारच्या १९५८ च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. बनी पार्कातील बहुतेक बंगले शंभरीच्या आतले आहेत. ते शंभर वर्षांचे होईपर्यंत उरतीलच, याची शाश्वती कोण देणार?

वय हीच वारशाची एकमेव कसोटी मानणे योग्य नाही. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियम झाले. २०१८ मध्ये युनेस्कोने तेथील व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींबरोबरच विसाव्या शतकातील आर्ट डेको इमारतींनाही जागतिक वारसा मानले. त्यांत लोक राहतात, कपडे वाळत घालतात, संसार करतात. म्हणजेच राहते घरही वारसा ठरू शकते.

यावर कोणी म्हणेल, की घर मालकाचे. ते पाडावे की ठेवावे, हे तोच ठरवील. या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या घराची डागडुजी खर्चिक असते, वाटण्या होतात आणि वाढत्या शहराला नवी घरेही हवी असतात. म्हणून सरसकट बंदी हा उपाय नव्हे. बनी पार्कातीलच काही जुन्या हवेल्यांची आता हॉटेले झाली आहेत. वास्तू टिकली आणि मालकाला उत्पन्नही मिळाले. अशा मालकांना करात सवलत आणि तज्ज्ञांचा सल्ला मिळाला, तर इतरांचाही धीर वाढेल.

जे वाचवता येणार नाही, त्याची नोंद तरी ठेवता येईल. घर केव्हा बांधले, दगड कोठून आणला, रस्त्याचे पूर्वीचे नाव काय होते, हे वृद्ध रहिवाशांना ठाऊक असते. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. एक वही, थोडी चिकाटी आणि ऐकून घेण्याची तयारी पुरते. भारतीय संविधानाच्या कलम ५१-क नुसार आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. राजवाड्यांची काळजी शासन घेईल. गल्लीचा इतिहास मात्र गल्लीतल्या माणसांनीच जपावा लागतो.