अंगण कुणाचं वाकडं?



आमच्या सिंदी मेघेत सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या मैदानाकडे चक्कर मारा. क्रिकेटचा सामना संपलेला असतो आणि दुसरा सुरू झालेला असतो, तोंडाचा! "अंपायर त्यांचाच होता ना जी!" "आमच्याकडं बॅटच धड नव्हती!" "डोळ्यावर ऊन येत होतं!" जिंकलेल्यांना काहीच सांगावं लागत नाही. कारणांची पोतडी असते ती हरलेल्यांकडं. तुमच्या गावातही असंच असेल, होय ना? पण हा काही फक्त पोरासोरांचा आजार नाही बरं का. शंभर-शंभर किलो वजनाच्या जगज्जेत्यांनाही तो होतो.

बॉक्सिंगमध्ये सगळ्यांत वजनदार खेळाडूंच्या गटाला हेवीवेट म्हणतात. १९७४ साली या गटाचा जगज्जेता होता अमेरिकेचा जॉर्ज फोरमन. वय २५. चाळीस लढती खेळला आणि चाळीसही जिंकला! त्याच्यासमोर उभा राहिला ३२ वर्षांचा मुहम्मद अली. ३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात ही लढत झाली. तो देश तेव्हा झाईर होता, आज त्याला काँगो म्हणतात. प्रेक्षक सगळे अलीच्या बाजूचे. त्याच्या नावाचा नुसता गजर चाललेला.

अलीनं काय केलं? रिंगणाच्या दोरांना पाठ टेकली, चेहरा हातांनी झाकला आणि फोरमनला खुशाल मारू दिलं. मारून मारून फोरमनच दमला. मग आठव्या फेरीत अलीनं त्याला लोळवलं.

आता फोरमनची कारणं ऐका. दोर सैल होते. पंचानं आकडे भरभर मोजले. लढतीआधी दिलेल्या पाण्यात काहीतरी मिसळलं होतं, असाही त्याला संशय! काही लोकांना हे पटलं, काहींनी हसून सोडून दिलं. पण तुम्ही जरा डोकं चालवा. दोर सैल होते म्हणता? मग ते दोघांसाठीही सैलच होते ना? अलीनं त्या दोरांचा उपयोग करून घेतला, फोरमनला तो सुचला नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण पाठ करतो. पण अंगण वाकडं असलं तर ते सगळ्याच नाचणाऱ्यांना वाकडं असतं, हे विसरतो.

आणखी एक मजेशीर गोष्ट. २२ फेब्रुवारी २०२० ला लास व्हेगासमध्ये डिऑन्टे वाइल्डर हा हेवीवेट जगज्जेता टायसन फ्युरीकडून सातव्या फेरीत हरला. नंतर म्हणाला, रिंगणात येताना घातलेला पोशाख फार जड होता, त्यानंच पायातलं बळ गेलं. पोशाखाचं वजन सांगितलं ४० पौंडांहून जास्त, म्हणजे सुमारे १८ किलो. जगभर त्याची टिंगल झाली. कारण उघड आहे. तो पोशाख त्याला दुसऱ्या कुणी बळजबरीनं घातला नव्हता! पुढं ९ ऑक्टोबर २०२१ ला दोघं पुन्हा भिडले. तेव्हाही फ्युरीच जिंकला.

तुम्ही म्हणाल, "म्हणजे बाई, हरलेला माणूस नेहमी खोटंच बोलतो?" नाही रे बाबांनो! इथंच खरी गंमत आहे. त्यासाठी परदेशातून आपल्या महाराष्ट्रात येऊ.

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस. गादी विभागात, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत, शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ लढत होते. शिवराज आधी महाराष्ट्र केसरी झालेला पहिलवान. पंचांनी तो चीतपट झाल्याचा निर्णय दिला. शिवराजचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. ही तक्रार दोरासारखी किंवा पोशाखासारखी नव्हती हं. तो निर्णय एकट्या त्याच्याविरुद्ध गेला होता आणि निर्णय देताना माणूस चुकूही शकतो. दाद मागणं हा त्याचा हक्कच होता.

पण रागाच्या भरात त्यानं पंचांना लाथ मारली. झालं! दुसऱ्या दिवशी लोक खांद्याबद्दल कमी आणि लाथेबद्दल जास्त बोलत होते. कुणी त्याची बाजू घेतली, कुणी निषेध केला. पण खांदे टेकले होते की नव्हते हा मूळ प्रश्न त्या गलक्यात मागं पडला. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड पंचांवर चिडून मैदान सोडून गेला. तेव्हा फक्त १६ सेकंद उरले होते. त्या १६ सेकंदांत काय झालं असतं, ते आता कुणालाच कळणार नाही. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी ठरला आणि शिवराज-महेंद्र या दोघांवर ३ वर्षांची बंदी जाहीर झाली. पहिलवानाच्या ऐन उमेदीतली तीन वर्षं म्हणजे काय, ते तालमीत जाणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून म्हणते, हरलात की तोंडातून कारण बाहेर पडण्याआधी मनाला एकच विचारा : ही अडचण समोरच्यालाही होती का? होती, तर ते कारण गिळून टाका आणि सरावाला लागा. नव्हती, खरोखरच आपल्यावर अन्याय झाला, तर जरूर बोला. पण हात खाली ठेवून, ज्याला निर्णय बदलता येतो त्याच्याकडं जाऊन बोला. खरी तक्रार असेल तर तिला शिवीगाळीची गरज नसते. उलट शिवीगाळीनं खरी तक्रारही खोटी वाटायला लागते.

आणि बाजूला उभं राहून ओरडणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगायचं आहे! हरलेल्याच्या छातीत अजून धडधड चालू असते. तेव्हा "तू हरलाच नाहीस, तुला हरवलं" असं म्हणून त्याची पाठ थोपटणं सोपं असतं. पण पुढं शिक्षा होते ती त्याला, ओरडणाऱ्याला नाही. खरा दोस्त असाल तर आधी पाणी द्या, बसवा. बोलायचं ते दम खाऊन झाल्यावर.

फोरमनचं पुढं काय झालं? काही वर्षांनी त्यानं मोकळेपणानं मान्य केलं की त्या रात्री अली सरस होता. दोघं चांगले मित्र झाले. ५ नोव्हेंबर १९९४ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, फोरमन पुन्हा हेवीवेट जगज्जेता झाला! आणि १९९७ साली त्या जुन्या लढतीवरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. तेव्हा अली आजारानं थकला होता, पायऱ्या चढणं त्याला जड जात होतं. त्याला हात देऊन वर नेणारा माणूस होता जॉर्ज फोरमन.

या आठवड्याचा गृहपाठ : वहीत दोन रकाने आखा. एकात तुमच्या शेवटच्या पराभवाची सगळी कारणं लिहा. दुसऱ्यात प्रत्येकापुढं लिहा, 'फक्त मला' की 'दोघांनाही'. पाहा बरं किती उरतात!

तुमच्या,
बाई