पडीक कोणाला म्हणता?

वृक्षप्रेम हा आता आपला राजमान्य धर्म झाला आहे. आणि राजमान्य धर्माच्या नावाने जे मारले जाते, त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

मी नया नगरात राहतो. या सखल, दाट वस्तीत माती पाहायची ती कुंडीत. परंतु गच्चीवरून पूर्वेस, महामार्गापलीकडे, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. त्यांच्याकडे बोट दाखवून शेजारी म्हणतात, "जिथे जिथे माळ उघडा आहे, तिथे झाडे लावली पाहिजेत." सारा घोळ या 'उघडा' शब्दात आहे.

कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत अशा उघड्या गवताळ जागी एक चिमुकली आमरी राहते. शास्त्रज्ञ तिला हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस म्हणतात. नाव तिच्याहून लांब! जमिनीला चिकटलेले बहुधा एकच गोलसर पान, आखूड दांडा, वर एखाददोन पांढरी फुले. पाऊस सरला की ती दिसेनाशी होते आणि उरलेले वर्ष मातीखाली कंदरूपाने काढते. तिचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अन्नाचा साठा नसतो, म्हणून मातीतल्या बुरशीने पोसल्यावाचून ते रुजत नाही. तिला ऊन हवे, न उकरलेली माती हवी. आपली सावली तिला नको आहे.

आणि आपण काय करतो? केंद्र सरकारचा 'वेस्टलँड्स ॲटलास' २००० साली प्रथम निघाला. खडकाळ आणि झुडपी जमीन त्यात पडीक ठरली. पुढे २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्य सरकारने ५० कोटी रोपांचा संकल्प सोडला. मुहूर्त जुलैचा, म्हणजे आमरी फुलते नेमका तेव्हाचा! माळावर कुदळ पडते, गिरिपुष्प नाही तर ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी राहते, आणि छायाचित्रात पुढारी तेवढे दिसतात.

वीतभर रोपासाठी जंगल वाढवू नये काय? अवश्य वाढवावे, जिथे ते तोडले तिथे. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरले, ते उघडे आहे म्हणूनच फुलते. तिकीट काढून ते पाहायचे आणि परत येऊन गावच्या माळावर खड्डे खणायचे, हे कसले निसर्गप्रेम?

मागणी एवढीच आहे: खड्डे खणण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो माळ पायी तपासावा. त्याने नको म्हटले, तर कुदळी मुकाट्याने परत न्याव्यात.