कौल त्यांचा, कागद आमचे

शुक्रवार हा म्हापशाचा बाजाराचा दिवस. पेडणे, डिचोली, कोलवाळ, शिवोली, सगळीकडची माणसे त्या दिवशी शहरात येतात आणि बाजारहाट आटोपून, पिशवी पायाशी ठेवून बँकेच्या रांगेत उभी राहतात. ही रांग मी काउंटरच्या आतल्या बाजूने गेली अनेक वर्षे पाहतो आहे. रांगेतले प्रश्न ठरलेले असतात. व्याज जमा झाले का, पेन्शन आली का, ठेवीची मुदत कधी संपते. २०१९ साली मात्र डिचोली तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक मुलाने इंग्लंडहून पाठवलेल्या पैशांची चौकशी करून झाल्यावरही खिडकीपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, “मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर गेलाय. तिथे त्याला राहू देतील ना? आणि नाही दिले, तर इथे येऊ देतील ना?”

पासबुक छापून देणाऱ्या कारकुनापाशी या प्रश्नांचे उत्तर नव्हते. त्या दिवसांत ते लंडनच्या पंतप्रधानांपाशीही नव्हते. आज ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडून वर्षे लोटली, वर्तमानपत्रांनी तो विषय मागे टाकला. आमच्या भागातल्या घरांत तो अजून संपलेला नाही, म्हणून त्यावर लिहिणे भाग आहे.

आपल्या वाचकांपैकी काहीजण म्हणतील, हा सासष्टीच्या ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न, आपल्याला त्याचे काय? हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. पोर्तुगालच्या कायद्याने धर्म विचारलेला नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेली व्यक्ती, तिची मुले आणि नातवंडे यांना तो कायदा पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवतो. म्हणजे ज्यांच्या आजोबांचा जन्म पेडण्यात किंवा डिचोलीत झाला आणि ज्याची नोंद जुन्या पोर्तुगीज वहीत सापडते, त्या प्रत्येक घराला ही वाट आहे. आपल्या समाजातल्या मुलांनीही ती धरलेली आहे. आपण ती गोष्ट लग्नसमारंभात बोलत नाही एवढेच.

ही वाट निर्माण कशी झाली, तेही लक्षात घ्यावे. गोवा मुक्त झाल्यावर भारत सरकारने मार्च १९६२ मध्ये नागरिकत्वाचा आदेश काढला. इथे जन्मलेला, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा इथे जन्मलेले आहेत, तो भारताचा नागरिक. ज्याला आपले दुसरे नागरिकत्व राखायचे आहे त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यावे. नियम चार ओळींचा होता, पण स्वच्छ होता. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व मान्य करायला १९७४ सालचा करार उजाडावा लागला, आणि आपल्या जुन्या प्रजेची वही त्याने त्यानंतरही मिटली नाही. एकाच माणसावर दोन देशांचा दावा राहिला. पुढे पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, तसा लिस्बनच्या कागदावर इंग्लंडमध्ये नोकरी करण्याचा मार्ग खुला झाला. पूर्वी आपल्याकडे आफ्रिकार होते, मग गल्फकार झाले. नंतरची पिढी साऊथहॉल आणि स्विंडनला पोचली.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने सार्वमत घेतले. ५१.९ टक्के मते संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, ४८.१ टक्के विरोधात. ज्या स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे, तिथेही बाहेर पडण्याच्या बाजूनेच बहुमत झाले. त्यातली एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना त्या सार्वमतात मत होते. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तिथे असलेला गोवेकर मत देऊ शकत होता आणि त्याच्याच शेजारी पोर्तुगीज पासपोर्टवर राहणारा त्याचा चुलतभाऊ देऊ शकत नव्हता. ज्याच्या पोटापाण्याचा निर्णय व्हायचा होता, त्यालाच विचारले गेले नाही.

पण त्याहून मोठा दोष सार्वमताच्या कायद्यात होता. संघात राहायचे की बाहेर पडायचे, एवढेच त्याने विचारले. बाहेर पडायचे ठरले तर कोणी, कसे, कधी आणि कोणत्या अटींवर, याबद्दल तो कायदा गप्प होता. निकाल लागताच कॅमेरॉन यांनी पंतप्रधानपद सोडण्याची घोषणा केली. सरकारला संसदेला न विचारता संघाला नोटीस देता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये आठ विरुद्ध तीन न्यायमूर्तींनी सांगितले की देता येत नाही, संसदेचा कायदा हवा. २९ मार्च २०१७ रोजी नोटीस गेली आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. थेरेसा मे यांनी केलेला करार जानेवारी २०१९ मध्ये ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. बाहेर पडण्याची तारीख मार्चवरून एप्रिलवर, एप्रिलवरून ऑक्टोबरवर आणि तिथून ३१ जानेवारी २०२० वर गेली. मध्यंतरी बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली, ती स्थगिती न्यायालयाने बेकायदा ठरवली. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या देशात साडेतीन वर्षे कोणालाच उद्याचे सांगता येत नव्हते. आमचे शिक्षक खिडकीपाशी उभे होते ते याच काळात.

हे वाचताना आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना दुसरा एक कौल आठवल्याशिवाय राहणार नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहणे. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याला १,७२,१९१. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांनी फुलावर भर दिला होता आणि आपल्यापैकी बहुतेकांची घरे फुलाचीच. तो पराभव किती जिव्हारी लागला, हे आपण लहानपणी ओसरीवर ऐकलेले आहे. तरीही निष्पक्षपणे पाहिले तर काय दिसते? कौलासाठी संसदेने वेगळा कायदा केला. कौल निर्भेळ व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. एका चिन्हाचा अर्थ काय आणि दुसऱ्याचा काय, हे शेतात राबणाऱ्या बाईलाही माहीत होते. निकालानंतर काही महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत लोकांनी भाऊसाहेबांनाच पुन्हा सत्तेवर बसवले, पण ती सत्ता त्यांनी कौल उलटवण्यासाठी वापरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणा गोवेकराला आपले रेशनकार्ड चालेल की नाही, अशी शंका आली नाही.

तो कौलही परिपूर्ण नव्हता. स्वतंत्र राज्याचा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, तो मिळायला ३० मे १९८७ उजाडला. भाषेचा वाद तर त्यानंतरही धुमसत राहिला. पण हरलेल्या बाजूच्या माणसालाही आपण कुठे उभे आहोत हे कळले होते. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तराचे परिणाम आधी लिहून ठेवले पाहिजेत, हा त्या दोन कौलांच्या तुलनेतून निघणारा धडा आहे. मोठे लोक निर्णय घेतात आणि तपशील नंतर पाहू म्हणतात. तो तपशील म्हणजे सामान्य माणसाचे सगळे आयुष्य असते.

ब्रिटनने अखेर त्या तपशिलाची काही व्यवस्था केली. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तिथे राहत असलेल्या युरोपीय नागरिकांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा. पाच वर्षे वास्तव्य झालेल्यांना कायम दर्जा, कमी झालेल्यांना तात्पुरता. पुष्कळ गोवेकरांचे त्यात निभावले. पण त्या दर्जाचा हातात धरण्याजोगा कागद नाही, तो संगणकावर आहे आणि पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला आहे. पासपोर्ट नवा झाला की तिथली नोंदही बदलून घ्यावी लागते. तात्पुरत्या दर्जाची मुदत संपण्यापूर्वी पुन्हा अर्ज केला नाही तर सगळे हक्क आपोआप संपतील, असा तिथल्या गृहखात्याचा नियम होता. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. म्हणजे अर्ज भरून झाल्यावरही नियम कोर्टात हलतच होता. आणि १ जानेवारी २०२१ नंतर नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टच्या बळावर ब्रिटनमध्ये राहून नोकरी करता येत नाही, व्हिसा लागतो. तरीही “पासपोर्ट काढला की थेट लंडन” असे सांगणारे दलाल आपल्या गावांतून फिरत असतील, तर त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवावे.

आता शिक्षकांचा दुसरा प्रश्न. इथे येऊ देतील ना? याचे उत्तर लंडनला नव्हते, दिल्लीत होते. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. जन्माची नोंद लिस्बनला झाली एवढ्यानेच ते संपते, की तिथला पासपोर्ट हाती आल्यावर, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद झाले. ज्यांनी भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला, त्यांना त्याचा दाखला मिळे आणि त्या दाखल्यावर ओसीआय कार्ड. नोव्हेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाचे एक ज्ञापन निघाले आणि अनेक गोवेकरांचे पासपोर्ट परत घेण्याऐवजी, माहिती दडवली म्हणून, रद्द होऊ लागले. पासपोर्ट रद्द झाला की परत केल्याचा दाखला नाही आणि दाखला नाही म्हणून ओसीआय नाही. मग एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर, रद्द केल्याचा दाखलाही ओसीआयसाठी चालेल असे नवे पत्र आले. त्या सवलतीचे स्वागतच आहे. पण ज्ञापनाने गेलेले पत्राने परत आले, तर पुढच्या ज्ञापनाने ते पुन्हा जाणार नाही, याची हमी कोण देणार?

याचा परिणाम घरावर काय होतो, ते बँकेत बसलेल्याला रोज दिसते. परदेशी गेलेल्याचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते अनिवासी खाते करून घ्यावे लागते. अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, बागायत विकत घेता येत नाही. वारशाने मिळू शकते. ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट नाही आणि ओसीआयही नाही, त्याची अवस्था आणखी बिकट. आपल्या घरांची दौलत म्हणजे काय? भाटातली वाटणी, कुळागर, देवळाजवळचे जुने घर. वडिलांच्या पश्चात भावंडे कागद करायला बसतात आणि एकाचा दर्जा काय हेच कोणाला सांगता येत नाही. तिथे सगळ्यांचे अडते.

अनिश्चिततेची किंमत गोव्याने एकदा सोन्यात मोजलेली आहे. १९६१ साली बँको नासियोनाल उल्त्रामारिनोकडे गोवेकरांनी गहाण ठेवलेले दागिने मुक्तीपूर्वी लिस्बनला नेले गेले. ते परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षांत किती मुलींची लग्ने त्या दागिन्यांवाचून झाली असतील आणि किती पावत्या वाळवीने खाल्ल्या असतील! दोन सरकारांचे जमेपर्यंत एका बाईच्या पाटल्या अडकून पडल्या, यात तिचा काय दोष होता?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. दुहेरी नागरिकत्व द्या, असे आम्ही म्हणत नाही. तो देशाचा धोरणाचा विषय आहे आणि त्यावर आपल्या समाजातही दोन मते आहेत. आमचे मागणे नियम पक्का असावा, एवढेच आहे. गोव्याच्या या विशेष परिस्थितीसाठी केंद्राने ज्ञापनांवर न भागवता राजपत्रात नियम प्रसिद्ध करावा. लिस्बनच्या नोंदीचा परिणाम कोणत्या दिवसापासून, पासपोर्ट परत करण्याची मुदत किती, उशीर झाल्यास दंड काय आणि ओसीआय कोणाला, हे १९६२ च्या आदेशासारखे मोजक्या ओळींत लिहावे. गोव्याच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, ही मागणी एकत्र करावी. आणि राज्य सरकारने त्याची माहिती मराठीत व कोकणीत प्रत्येक तालुक्याच्या मामलेदार कार्यालयात लावावी. पेडण्याच्या माणसाला पणजीच्या दलालाकडे जाण्याची पाळी येऊ नये.

तोवर आपल्या हाती आहे ते आपण करावे. मुलगा परदेशी असेल तर त्याने कोणता पासपोर्ट घेतला, कधी घेतला, जुना परत केला का, हे त्याला स्पष्ट विचारावे. लाजून किंवा लपवून काही साधत नाही, उलट लपवले हाच पुढे गुन्हा ठरतो. खात्याचा दर्जा बदलून घ्यावा. आजोबांच्या जन्माचा उतारा, जमिनीचे कागद, दाखले एका पेटीत ठेवावेत आणि ती पेटी कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. आपल्या मंडळाने महिन्यातून एक रविवार या कागदांच्या मदतीसाठी द्यावा, अशी सूचना मी येत्या सभेत मांडणार आहे. सभासदांनी ती उचलून धरावी.

ते शिक्षक परवाच्या शुक्रवारी पुन्हा आले होते. मुलाला तिथे कायम दर्जा मिळाला, असे सांगत होते. चेहऱ्यावर समाधान होते. पैसे मोजून खिशात ठेवल्यावर मात्र ते पूर्वीसारखेच थांबले आणि म्हणाले, “एक प्रश्न सुटला. दुसरा अजून आहे.”