कोंबड्याचे प्रोबेशन

"सोडा की सरळ आत! दोन दिवस भांडतील, मग जमेल आपोआप." हे वाक्य बोलणाऱ्या माणसाविरुद्ध माझी कायमची तक्रार आहे. दोन दिवस भांडायचे असते ते दुसऱ्याने. बोलणारा आपला पडवीत सुपारी कातरत बसलेला असतो.

मी बी. कॉम. आहे. कोंबड्या हा विषय आमच्या वेळी विद्यापीठाने लावला नव्हता. पण बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला खुराडे फारसे परके वाटत नाही. आमच्या परसात सहा गावठी कोंबड्या आहेत. तांबडी सगळ्यांत थोरली. तिला मी हेड कॅशियर म्हणतो. कणी टाकली की पहिली चोच तिची. मग काळी, मग कबरी, अशी ही सीनिऑरिटी लिस्ट. ती माझ्या डोक्यातली नाही हं! थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन गृहस्थाने कोंबड्यांकडे बघत बसून १९२२ साली ती शास्त्रशुद्ध मांडली : कोण कोणाला टोचते आणि कोण निमूट टोचून घेते. बिचाऱ्याने एखाद्या बँकेत नोकरी धरली असती तरी काम भागले असते.

गेल्या वर्षी सौ.ला पिल्ले हवीशी झाली. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे पुष्कळांना पटत नाही; पण पिल्लांसाठी मात्र लागतो. एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांना पुरतो, त्या मानाने आमची शाखा लहानच. बाजारातून चार महिन्यांचा एक कोंबडा आणला. तुरा नुकता लालसर होऊ लागलेला, आरवताना आवाज फाटायचा. शेजारच्या काकांनी वरचे वाक्य उच्चारले आणि पुस्तीही जोडली, "अहो, पुरुषाची जात आहे. बघता बघता राज्य करील!"

डोंबलाचे राज्य! चार महिन्यांचा कोंबडा म्हणजे मिसरूड फुटणारा पोरगा. हेड कॅशियरने त्याला पाचव्या मिनिटाला कोपऱ्यात घेतले. तुऱ्यातून रक्त आले. रक्त दिसले की कोंबड्यांना चेव येतो. मग लिस्टमधली अगदी शेवटचीसुद्धा हात धुऊन घेते. संध्याकाळी मी बँकेतून आलो तेव्हा तो खुराड्यामागे पडला होता. रात्री गेला. काका म्हणाले, "लेचापेचा होता हो."

मेलेल्यावर ठपका ठेवला की चौकशी संपते. ही पद्धत मला ठाऊक आहे, कारण ती मीही वापरलेली आहे. आमच्या शाखेत मागे एक मुलगा रुजू झाला. परगावचा, बुजरा. पहिल्याच दिवशी, ऐन पेन्शनच्या गर्दीत, आम्ही त्याला काउंटरवर बसवले. "शिकेल आपोआप." त्याच्या चुकांवर आम्ही चहाच्या वेळी हसत असू. सगळ्यांत मोठ्याने मी, कारण तो येईपर्यंत माझ्यावर हसत असत. तीन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. आम्ही म्हणालो, लेचापेचा होता.

दुसरा कोंबडा आणला तेव्हा काकांना विचारले नाही. पहिले तीन आठवडे त्याला घराच्या दुसऱ्या अंगाला वेगळा ठेवला. बाजारातून मानमोडी घेऊन आला असता तर अख्खे खुराडे रिकामे व्हायचे. मग खुराड्यालगत जाळी लावून दहा दिवस शेजार दिला. दिसतील सगळ्या, पण चोच पोचणार नाही. कणी जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी. मग एका रविवारी, मी घरी असताना, जाळी काढली. दाण्याची भांडी दोन, पाणी दोन ठिकाणी, आणि लपायला भिंतीशी तिरकी टेकवलेली एक फळी.

टोचाटोच झाली, नाही असे नाही. हेड कॅशियरने दोनदा हाणलेच. तेवढे हवेही. थोरल्या कोंबड्यांचे चार टोचे खाल्लेला कोंबडा पुढे जरा रीतीने वागतो. माझे भांडण टोचण्याशी नाही. पळायला जागा न ठेवता वर "आपोआप" म्हणणाऱ्यांशी आहे. आपोआप काही होत नाही, साहेब. व्याजसुद्धा कोणीतरी लावावे लागते.

"कोंबड्याचे एवढे लाड?" काकांनी विचारलेच. मी म्हटले, "काका, एका बाजूला महिनाभराची खटपट आणि जाळीचे पैसे. दुसऱ्या बाजूला एक जीव. एवढा ताळेबंद मला जमतो."

काल सकाळी त्या कोंबड्याला परसात एक किडा सापडला. स्वतः न खाता तो कुक् कुक् करून बोलावत राहिला. हेड कॅशियर सावकाश आली, किडा खाल्ला आणि गेली. आभार वगैरे काही नाही. तरी गडी खूश!

सोमवारी आमच्या शाखेत एक नवी मुलगी रुजू होते आहे. पहिला आठवडा तिची खुर्ची माझ्या शेजारी असू द्या, असे मी मॅनेजरसाहेबांना सांगून ठेवले आहे. त्यांनी कारण विचारले. मी कोंबड्याचा उल्लेख केला नाही.