‘बाहेरचे’ म्हणजे नेमके कोण? चऱ्होली, पिंपरी आणि शिखांचा विसरलेला इतिहास : थ्रेड

१/ इंद्रायणीकाठच्या चऱ्होलीपासून आळंदी अगदी जवळ आहे. तेथे १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, आणि त्याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. हे सर्व अभिमानाने सांगितले जाते. तरीही पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील शीख मात्र ‘बाहेरचे’ ठरतात. या विसंगतीची ही चिकित्सा.

२/ पहिला गैरसमज असा की, महाराष्ट्रात शीख आले ते ट्रक आणि कारखान्यांबरोबर. वस्तुतः गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले. गोदावरीकाठीच त्यांनी बंदा बहादूर यांना पंजाबकडे धाडले, ग्रंथालाच गुरुपद दिले आणि तेथेच देह ठेवला. शीख धर्माला आजचे रूप देणारा एक निर्णायक क्षण मराठवाड्याच्या भूमीवर घडलेला आहे.

३/ तख्त सचखंड श्री हजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. त्याच सुमारास निजामाच्या चाकरीत आलेल्या शीख सैनिकांचे वंशज आज ‘दखनी शीख’ म्हणून ओळखले जातात. जो समाज जवळजवळ दोनशे वर्षे येथे नांदतो आणि मराठी सहज बोलतो, त्याला पाहुणा म्हणणे हे निव्वळ अज्ञान आहे.

४/ दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे, कारण तो प्रेमाच्या वेषात येतो. ‘शीख म्हणजे नामदेवांचाच विस्तार’ असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. घुमान येथे २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन झाल्यापासून या वाक्याला अधिकच धार आली. ऐकायला ते गोड असले, तरी इतिहास म्हणून टिकत नाही.

५/ आदिग्रंथाचे संकलन गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये पूर्ण केले. त्यात नामदेवांबरोबर कबीर, रविदास आणि शेख फरीद यांचीही वाणी आहे. ही निवड गुरूंची, त्यांच्या कसोटीवर केलेली आहे. संगत, पंगत, लंगर, खालसा या संस्था शिखांनी स्वतः घडविल्या. नामदेवांचा आदर हा त्या परंपरेचा मोठेपणा. त्यावर मालकी सांगणे हा आपला संकोच.

६/ शिवाय ‘नामदेवांमुळे ते आपले’ या युक्तिवादात एक अट दडलेली आहे. नामदेव नसते तर? मग आकुर्डीतल्या कारखान्यात आयुष्य घालविलेला शीख कामगार आपला ठरला नसता काय? शेजाऱ्याला शेजारी मानण्यासाठी सातशे वर्षांपूर्वीचा दाखला मागणारा समाज इतिहास वाचत नाही, तो कागदपत्रे तपासतो.

७/ आता पट्ट्याकडे पाहू. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. सिंध्यांमध्ये गुरू नानकांना मानणारी नानकपंथी परंपरा जुनी आहे. जनगणनेच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिणारी आणि ग्रंथ साहिबपुढे मस्तक टेकणारी कुटुंबे त्यात आहेत. केवळ शिरगणतीच्या आकड्यांवर विसंबणाऱ्याला हा धार्मिक इतिहास दिसतच नाही.

८/ पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आल्या आणि देशभरातून कामगार आले. आकुर्डी-वाल्हेकरवाडी भागात ‘गुरुद्वारा चौक’ आहे. रोज हजारो लोक रिक्षावाल्याला हे नाव सांगतात. नाव सर्वांच्या तोंडी आहे; पण तो गुरुद्वारा कोणी, कोणत्या वर्गणीतून, कोणत्या गरजेपोटी उभारला, हे विचारणारे किती?

९/ येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ‘कारखान्यांसाठी जमिनी गेल्या त्या गावकऱ्यांच्या, आधी त्यांचा इतिहास लिहा.’ मागणी रास्त आहे. १९९७ मध्ये चऱ्होली महापालिकेच्या हद्दीत आली, आणि शेतांच्या जागी इमारती येताना त्या पिढीने पाहिल्या. ही हानी नोंदली गेलीच पाहिजे.

१०/ परंतु भूसंपादनाचा निर्णय शासनाचा होता. लेथवर उभा राहणारा सरदार तो निर्णय घेत नव्हता. जमीन गमावणारा आणि गाव सोडून येणारा, दोघेही एकाच औद्योगिकीकरणाची माणसे आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले की मूळ निर्णयाला कोणीच जाब विचारत नाही.

११/ म्हणून गावाच्या इतिहासात देवळाचा जीर्णोद्धार जसा येतो, तसाच गुरुद्वाऱ्याचा पायाही यावा. लंगरची जुनी वर्गणीची वही, पहिल्या गुरुपुरबाचे छायाचित्र, पहिल्या ग्रंथींच्या आठवणी ही या पट्ट्याची दप्तरेच होत. ती सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी किल्ल्यांची मोजमापे घ्यावीत, शिलालेखांचे ठसे घ्यावेत. त्याबरोबरच एखाद्या रविवारी डोके झाकून पंगतीत बसावे, वाढणाऱ्या आजोबांना ते येथे केव्हा आले हे विचारावे, आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. थ्रेड समाप्त.