हया आणि डॉक्टरचा प्रश्न

रात्री मामूंच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "कोणकोणत्या गोळ्या घेता?" मामूंनी बीपीची सांगितली, शुगरची सांगितली. तिसरी सांगितली नाही. मुलगा आणि सून शेजारीच उभे होते. डॉक्टर जाणते होते. आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांनी पुन्हा विचारले. मामूंनी संध्याकाळी सिल्डेनाफिल घेतली होती.

हे पुढे मामूंनीच मला सांगितले. म्हणाले, "मास्तर, लिहा, नाव तेवढे नको."

छातीदुखीत जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट नायट्रेट गटातली. तीही रक्तवाहिन्या सैल करते, सिल्डेनाफिलही. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट टाळतात. ज्यांना नायट्रेट किंवा निकोरँडिल चालू आहे, त्यांनी या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांना चक्कर येऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोल यांसारख्या औषधांनी सिल्डेनाफिलचे रक्तातले प्रमाण वाढते.

"मी तर फक्त देशी दवा घेतो," असे म्हणणारेही आहेत. 'मर्दानी ताकदी'च्या अशा कितीतरी पुड्यांत आणि कॅप्सूलमध्ये तपासणीत चोरून घातलेले सिल्डेनाफिल सापडले आहे. घेणाऱ्याला वाटते जडीबुटी. म्हणून पुडीचेही डॉक्टरांना सांगा.

आपल्यात हया हा ईमानाचा भाग मानतात, आणि ते खरेच आहे. पण दीनचे मसले विचारताना अन्सारी स्त्रियांना लाज आड आली नाही, म्हणून हजरत आयेशा (र.) यांनी त्यांची तारीफ केली होती. जीव वाचवणारी गोष्ट डॉक्टरांना सांगणे ही बेशरमी कशी? मला तर ती अमानतीची राखण वाटते. शिवाय ही तक्रार कधी कधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. मेडिकलमधून गुपचूप गोळी आणणारा ती खूणच झाकून टाकतो.

घरातल्या तरुणांना एकच विनंती. अब्बांना डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा दोन मिनिटे स्वतःहून बाहेर थांबा. त्यांच्या तोंडून जे तुमच्यासमोर निघणार नाही, ते तेवढ्यात निघेल.